संशय सांगण्याची रीत

लग्न चार दिवसांवर येऊन ठेपले म्हणजे आचारी यजमानाला जो प्रश्न विचारतो तो अगदी साधा असतो: "पाने किती धरायची?" तांदूळ किती भिजवायचे, तूप किती आणायचे, वाढपी किती बोलवायचे, हे सारे त्या एका आकड्यावरून ठरावयाचे असते, आणि तो आकडा ज्या यादीतून काढावयाचा ती यादी हातात घेऊन बसलेल्या यजमानाची त्या क्षणी मोठी पंचाईत होते, कारण नावांपुढे त्याने टिपून ठेवलेली उत्तरे "बघू", "जमवतो", "येईन म्हणतो", "रजेचं काय होतं त्यावर आहे", "आम्ही घरचेच, आम्हाला काय विचारता" अशा मासल्याची असतात. मग आचारी आपल्या अनुभवाने काही पाने वजा करतो, काही वाढीव धरतो, आणि इतके करूनही एक तर भाताची पातेली उरतात, नाही तर शेवटच्या पंगतीला मठ्ठ्यात पाणी घालावे लागते. लोक आचाऱ्याला नावे ठेवतात. वस्तुतः त्याच्या हाती पडलेली उत्तरेच अशी होती की त्यांवरून अंदाजपंचे दाहोदरसे याखेरीज दुसरा हिशेब शक्य नव्हता.

पाहुण्यांना चार दिवस आधी आपले येणे निश्चित सांगता आले नाही, यात त्यांचा अपराध काही नाही. रजा मंजूर व्हावयाची असते, घरात कोणी आजारी असते, मुलांच्या परीक्षेची तारीख लागावयाची असते, आणि संसारी माणसाचे बेत हे असेच दहा जणांच्या सोयीवर टांगलेले असतात. प्रश्न आहे तो हा, की जी गोष्ट आपल्यालाच नक्की ठाऊक नाही ती दुसऱ्याला अशा रीतीने कशी सांगावी, की त्याला तिच्यावरून पुढची तजवीज करता यावी. आपल्याकडे शब्द द्यावा कसा आणि दिलेला पाळावा कसा याविषयी उपदेश भरपूर झाला आहे. पण शब्द देता येत नसेल तेव्हा काय बोलावे, याविषयी कोणी कोणाला काही शिकवल्याचे दिसत नाही. पुढील विवेचन त्या बाजूचे आहे.

प्रथम बेताविषयी. "बघू" हा उच्चार आपण दिवसातून इतक्या वेळा करतो की त्याच्या पोटात परस्परांहून अगदी निराळ्या स्थिती दडलेल्या आहेत याचे भान राहत नाही. बोलणाऱ्याला यावयाचे नसते, पण तोंडावर नाही म्हणणे जड जाते. किंवा यावयाचे असते, पण साहेबाच्या सहीवाचून इलाज नसतो. किंवा त्याने त्या गोष्टीचा अद्याप विचारच केलेला नसतो. किंवा निर्णय त्याच्या हातचा नसून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या, अथवा खरे सांगावयाचे तर सौभाग्यवतींच्या हातचा असतो. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने या चार स्थितींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिलीत त्याने तुमचे नाव यादीतून काढून टाकावे हे उचित, दुसरीत थांबावे, तिसरीत तुम्हाला पुन्हा आठवण करावी, चौथीत योग्य त्या व्यक्तीला विचारावे. यांतले काय करावे हे ज्या उत्तरावरून कळत नाही ते उत्तर सभ्यपणाचे असेल, कामाचे नव्हे.

म्हणून आपली अनिश्चितता सांगताना गाठ कोठे अडली आहे ते सांगावे, ती केव्हा सुटेल ते सांगावे, आणि सर्वांत अधिक महत्त्वाचे म्हणजे, तोपर्यंत समोरच्याने काय धरून चालावे हे सांगावे. "रजेचा अर्ज दिला आहे, गुरुवारपर्यंत कळेल, तोवर आमची पाने धरू नका, मंजूर झाली तर मी स्वतः फोन करीन," एवढे बोलण्यास जेमतेम अर्धे मिनिट लागते, आणि त्यात खोटी खातरीही नाही व गुळमुळीतपणाही नाही. गाठ आणि मुदत पुष्कळ जण सांगतात; तिसरी गोष्ट मात्र बहुधा राहून जाते, आणि सारा घोटाळा तिच्यामुळेच होतो. कारण गुरुवार उजाडला आणि तुमचा निरोप आला नाही, तर त्या मौनाचा अर्थ होकार समजावयाचा की नकार, हे आधी ठरलेले नसते; तुम्ही मनात नकार धरून स्वस्थ बसता, यजमान होकार धरून पान मांडतो, आणि दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात.

येथे कोणी म्हणेल की असे रोखठोक बोलणे आपल्या समाजात उद्धटपणाचे दिसते. या आक्षेपात तथ्य आहे, आणि संदिग्धतेला कोठेही थारा देऊ नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. मुलगी पाहून परतताना मुलाकडची मंडळी "कळवतो" म्हणतात आणि पुढे "पत्रिका जुळत नाही" असा निरोप येतो, तेव्हा त्या पत्रिकेचा पुष्कळदा काहीएक संबंध नसतो हे दोन्ही घरांना ठाऊक असते. तरी त्या आडपडद्याने एका मुलीचा आणि तिच्या आईबापांचा मान राखला जातो, आणि तो राखावाच. माझा आक्षेप शब्दांवर नाही, विलंबावर आहे. "कळवतो" म्हटल्यावर आठवड्याच्या आत कळवावे. नकार कितीही मऊ कापडात गुंडाळला तरी चालेल, तो वेळेवर पोचला पाहिजे. महिना उलटून जाईपर्यंत दुसऱ्या घराला दुसरे स्थळ पाहता येऊ नये आणि आपणही मोकळे राहावे, ही सभ्यता नव्हे.

विचारणाऱ्याच्या हातूनही चुका होतात. आपण "नक्की ना?" असे विचारतो; त्या प्रश्नाला "नक्की" याशिवाय उत्तर देण्याची सोयच नसते. शिंप्याला दिवाळीच्या आधल्या आठवड्यात "परवा देणार ना, नक्की?" म्हणून दटावले तर तो मान डोलावतो, कारण त्याला तुम्हाला दुकानातून निरोप द्यावयाचा असतो. त्याऐवजी "माझ्या आधी किती कपडे शिवायचे आहेत?" असे विचारून पाहावे, म्हणजे तो बोट करून दोरीवरच्या गठ्ठ्याकडे दाखवील आणि तुमचा सदरा परवा होणार की पाडव्याला, हे तुमचे तुम्हालाच कळेल. तोच प्रकार गवंड्याच्या, सुताराच्या आणि छापखान्याच्या बाबतीत. काम कशाने अडू शकेल असे विचारले की माणूस खरे बोलतो. वचन मागितले की वचन देतो.

सरकारदरबारी अनिश्चितता सांगण्याची भाषा तर स्वतंत्र शास्त्राचा विषय व्हावा. "सदर बाब विचाराधीन आहे", "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल", "यथावकाश कळविण्यात येईल" ही वाक्ये कोणा माणसाचे नाव न घेता रचलेली असतात हा योगायोग नाही. त्यांत विचार करणारा कोणी नसतो, कार्यवाही करणारा कोणी नसतो, आणि यथावकाशाला तारीख नसते. असे पत्र हाती आल्यास चरफडत बसू नये. प्रकरण कोणत्या टेबलावर आहे, कोणता कागद कमी आहे आणि मुदत काय, ही विचारणा लेखी करून पोच घ्यावी. महाराष्ट्रात २०१५ सालच्या लोकसेवा हक्क अधिनियमान्वये ज्या सेवा अधिसूचित झालेल्या आहेत त्यांना मुदत ठरवून दिलेली असून ती टळल्यास अपील करता येते; तेव्हा अशा सेवेपुरते तरी 'यथावकाश' या शब्दाला कायद्यानेच तारीख नेमून दिली आहे.

आता बेताकडून समजुतीकडे वळू. बेताविषयीचा संशय पुष्कळदा आपल्या इच्छेविषयीचा असतो. समजुतीविषयीचा संशय मात्र पुराव्याविषयीचा असतो, आणि म्हणून तो सांगताना ही गोष्ट मला कळली कोठून, हे सांगणे हाच मुख्य भाग होय. या कामी आपल्या भाषेने आपल्याला उत्तम हत्यारे देऊन ठेवली आहेत. "दादा घरी आहेत" म्हणजे पाहून आलो. "घरी असतील" म्हणजे या वेळेला सहसा असतात. "घरी असावेत" म्हणजे दाराबाहेर चपला दिसल्या. "घरी आहेत म्हणे" म्हणजे कोणी तरी सांगितले, खरेखोटे त्याचे त्याला माहीत. क्रियापदाच्या टोकाशी एखादे अक्षर बदलून किंवा शेवटी 'म्हणे' जोडून आपण पाहिलेले, तर्काने ताडलेले आणि ऐकलेले यांची वेगवेगळी पावती देऊ शकतो, आणि खेड्यापाड्यांतील माणसे हे भेद अचूक पाळतात. शिकलेला माणूस मात्र वर्तमानपत्रात वाचलेले, सभेत ऐकलेले आणि मोबाइलवर कोणी पुढे ढकललेले, हे सगळे एका 'आहे'ने सांगून मोकळा होतो. आजारावरच्या औषधापासून बँक बुडाल्याच्या बातमीपर्यंत जी सांगोवांगी घरोघर पसरते ती बहुतेक या गळालेल्या 'म्हणे'च्या बळावर.

कायद्याने ही सावधगिरी केव्हाच अंगीकारली आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे दाव्याच्या किंवा कैफियतीच्या शेवटी जो सत्यापनाचा मजकूर असतो, त्यात कोणती कलमे स्वतःच्या माहितीची म्हणून आणि कोणती दुसऱ्याकडून मिळालेल्या व खऱ्या वाटणाऱ्या माहितीवरून लिहिली, हे पक्षकाराने कलमांच्या अनुक्रमांकांसह वेगवेगळे सांगावयाचे असते. "माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरे" हे शब्द आपण प्रतिज्ञापत्राखाली सही करताना न वाचताच सोडून देतो. पण 'माहिती' आणि 'समजूत' ही दोन निराळी खाती आहेत, आणि त्यांची सरमिसळ न्यायालयाला चालत नाही. त्याहून मोलाची शिकवण १८७२ च्या पुरावा कायद्याने दिली. त्या कायद्यात एखादी गोष्ट 'शाबीत' असते, 'नाशाबीत' असते, किंवा या दोहोंपैकी काहीच नसून नुसती 'शाबीत न झालेली' असते. आणि २०२४ च्या जुलैपासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली तरी हे तीन कप्पे कायम राहिले आहेत. घरगुती वादांत आपण तिसरा कप्पा विसरतो. शेजाऱ्याने पाण्याची मोटार चोरली हे शाबीत झाले नाही, म्हणजे त्याने ती चोरली नाही हे शाबीत झाले असे नव्हे. आणि उलट, त्याला आपला निरपराधपणा दाखवता आला नाही म्हणजे चोरी शाबीत झाली असेही नव्हे. "मला ठाऊक नाही, आणि आज ठरवण्याची गरजही नाही," असे म्हणण्याची मुभा प्रत्येकाने स्वतःला द्यावी.

जैन नैयायिकांनी तर विधान करण्याच्या या सावध रीतीचे पूर्ण दर्शनच उभे केले. त्यांच्या सप्तभंगीत, म्हणजे विधानाच्या सात रीतींत, कोणतेही विधान कोणत्या अपेक्षेने, म्हणजे कोणत्या दृष्टीने, केले आहे ते मान्य करूनच करावयाचे असते, आणि 'अवक्तव्य', म्हणजे सांगता न येण्याजोगे, यालाही तेथे मानाचे स्थान आहे. या विचाराकडे आधुनिक संख्याशास्त्रज्ञांचेही लक्ष गेले: प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाची चर्चा करताना त्याचा परामर्श घेतला, आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५७ साली 'संख्या' या नियतकालिकात त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. ज्यांना हा विषय केवळ मंदिरातल्या प्रवचनाचा वाटतो त्यांनी याची नोंद घ्यावी.

परंतु अपेक्षा सांगितली, उगम सांगितला, तरी एक अडचण शिल्लक राहते: 'बहुधा', 'कदाचित', 'दाट शक्यता' या शब्दांचे वजन प्रत्येकाच्या तराजूत निराळे भरते. याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. १९५१ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यातील अंदाज-मंडळाने एक गोपनीय अहवाल तयार केला, आणि त्यात सोव्हिएत गोटाकडून त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' समजली जावी असे लिहिले. मंडळात शेर्मन केंट नावाचे गृहस्थ होते. ते मूळचे येल विद्यापीठातील इतिहासाचे अध्यापक, त्यामुळे शब्दांविषयी काटेकोर. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने त्यांना सहज विचारले, की तुमच्या त्या 'गंभीर शक्यते'चे प्रमाण काय धरावे? केंट म्हणाले, शंभरात पासष्ट हल्ला होण्याच्या बाजूने. तो अधिकारी दचकला, कारण त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते प्रमाण पुष्कळच कमी समजले होते. केंट यांनी मग मंडळातल्या ज्या सहकाऱ्यांनी तो मजकूर एकमताने संमत केला होता त्यांनाच एकेक करून विचारले, तेव्हा कोणाच्या मनात शंभरात वीस होते, तर कोणाच्या मनात शंभरात ऐंशी. एकच वाक्य, एकाच टेबलाभोवती बसलेली माणसे, आणि शब्दावर झालेले एकमत किती पोकळ होते ते पाहा. हल्ला पुढे झालाच नाही. पण केंट यांनी शब्दांना आकड्यांच्या मर्यादा नेमून देण्याचा आग्रह धरला आणि १९६४ साली त्यावर लेख लिहिला. आज हवामानबदलाविषयीचे आंतरराष्ट्रीय अहवाल काढणारे आयपीसीसी मंडळ तोच दंडक पाळते: त्यांच्या भाषेत 'संभाव्य' म्हणजे शंभरात सहासष्टांहून अधिक, आणि 'अतिसंभाव्य' म्हणजे नव्वदांहून अधिक.

आपल्या घरात रोज ऐकू येणारे उदाहरण पावसाचे. "कोकणात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल" हे ऐकून पुष्कळांना वाटते की पाऊस थोडा पडेल. हवामान खात्याच्या परिभाषेत 'तुरळक ठिकाणी' हे पावसाच्या जोराचे माप नसून जागांचे माप आहे: विभागातील पर्जन्यमापक केंद्रांपैकी चौथ्या हिश्श्यापर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या तुरळक जागांत तुमचे गाव असेल तर तेथे मुसळधारही कोसळू शकते, आणि भाकीत खोटे ठरत नाही. हंगामी अंदाजातील 'सरासरीइतका' हा शब्दही असाच मोजून वापरलेला असतो; देशाची जून ते सप्टेंबर या काळातील सरासरी ८७ सेंटिमीटर धरली जाते आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला तर तो 'सरासरीइतका'. हा आकडा सबंध देशाचा आहे. माणदेशातल्या एखाद्या वाडीने आपल्या पेरणीचा भरवसा त्यावर ठेवला, तर भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हावयाचा. हिमालयातील हिमवृष्टीवरून मोसमी पावसाचे पहिले हंगामी भाकीत १८८६ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांनी केले, आणि खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून पुण्यातल्या त्या इमारतीला आजही लोक 'सिमला ऑफिस' म्हणतात. इतक्या दीर्घ परंपरेनंतरही खाते शब्दाशेजारी आकडा देते, आणि आपण आकडा सोडून शब्द तेवढा उचलतो.

तेव्हा जेथे पैसा, प्रकृती किंवा दुसऱ्याचा वेळ गुंतलेला असेल तेथे आकडा सांगावा व मागावा. डॉक्टर "बहुतेक काही काळजी नाही" म्हणाले, तर नम्रपणे विचारावे, "असे शंभर रोगी आपण पाहिलेत, तर त्यांतल्या किती जणांना पुन्हा यावे लागते?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. "ताप केव्हा उतरेल?" याऐवजी "किती दिवसांत उतरला नाही तर आम्ही घाबरावे?" हा प्रश्न अधिक उपयोगाचा, कारण त्याच्या उत्तरात तुम्ही काय करावे हेही येते. मात्र आकड्याचेही ढोंग होऊ शकते. "त्रेसष्ट टक्के खातरी आहे" असे जो गप्पांत म्हणतो त्याने बहुधा काहीच मोजलेले नसते. साधारण माणसाला दहापैकी दोन, निम्मे, दहापैकी आठ, एवढ्या पायऱ्या पुरतात. आपली खातरी खरोखर किती आहे हे पाहावयाचे असल्यास मनातल्या मनात पैज लावून पाहावी: "शंभर टक्के येतो" म्हणणारा माणूस पाचशे रुपये लावावयाची वेळ आली की थबकतो, आणि तो थबकणारा क्षण त्याला स्वतःचा खरा अंदाज सांगून जातो.

ज्यांना चिकाटी असेल त्यांनी याची वही ठेवावी. आज केलेले भाकीत, त्यापुढे दहापैकी किती खातरी होती तो आकडा, आणि पुढे काय झाले, एवढे तीन रकाने पुरेत. 'आठ' लिहिलेल्या गोष्टींपैकी साधारण तितक्या प्रमाणात खऱ्या ठरत असतील तर तुमच्या बोलण्यावर लोकांनी विसंबावे; निम्म्याच ठरत असतील तर तुमच्या 'आठ'ला लोक मनात 'पाच' समजू लागलेलेच आहेत, तुम्हाला कोणी सांगितलेले नाही इतकेच. हवामानाची भाकिते पारखण्याची अशी गणिती कसोटी ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली मांडली आणि ती आजही त्यांच्या नावाने वापरली जाते. भाकीत करणाऱ्याला त्याचा निकाल लगोलग कळत राहिला तर त्याची पारख सुधारते. आपल्यापैकी बहुतेक जण आपल्या भाकितांचे निकाल सोयीस्करपणे विसरतात.

एका टोकाचा इलाज करताना दुसरे टोक गाठू नये, हेही सांगितले पाहिजे. काही सद्गृहस्थ 'बहुधा', 'मला वाटते', 'चूकभूल द्यावी घ्यावी' यांची इतकी पखरण करतात की आज वार कोणता हेही त्यांना विचारण्याची सोय राहत नाही. जे तुम्ही डोळ्यांनी पाहिले, हाताने मोजले, ते छातीठोकपणे सांगावे. संशयाचे शब्द खऱ्या संशयासाठी राखून ठेवले नाहीत तर ते चलनातून बाद होतात, आणि मग जेव्हा खरोखर धोका असतो तेव्हाही तुमचे "मला शंका आहे" हे कोणी मनावर घेत नाही.

शेवटी, बदललेल्या अंदाजाविषयी. हवामान खाते आपला हंगामी अंदाज एप्रिलमध्ये सांगते आणि मे महिन्याच्या अखेरीस नव्या माहितीच्या आधारे तो सुधारून पुन्हा सांगते. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. आपण मात्र बेत फिरला की तोंड चुकवतो, किंवा आपण तसे म्हणालोच नव्हतो असे सांगू लागतो. वाचकांना माझी विनंती आहे की या लेखातील दुसरे काही आचरणात आणणे शक्य नसले तरी एवढे करावे: ज्याला "बहुतेक येतो" म्हणून सांगितले होते त्याला, येणे रद्द झाल्याचे आपल्याला कळेल त्याच दिवशी, कारणांची लांबण न लावता, स्वतः फोन करून कळवावे.